सर भांगात शिकवतात

विद्यार्थ्यांचे अभिप्राय गोळा करायचे दिवस आले की आमच्या स्टाफरूममध्ये सगळेच एकदम गोड बोलायला लागतात. वर्षभर ज्यांनी मुलांना "बाहेर व्हा" याखेरीज दुसरं वाक्य ऐकवलेलं नसतं, ते वर्गात जाऊन विचारतात, "काय मग, समजतंय ना सगळं?" मुलं खुळी नाहीत. ती "व्हय सर" म्हणतात आणि मोबाइलवरच्या फॉर्ममध्ये 'उत्तम', 'उत्तम', 'उत्तम' करत मोकळी होतात.

आमचं कॉलेज अलिबागहून मुरूडकडे जाणाऱ्या रस्त्यावर, एका गावाच्या जरा बाहेर आहे. इमारतीत रेंज नाही. रेंज आहे ती मागच्या कुंपणापाशी, सुरूच्या झाडांखाली. त्यामुळे अभिप्राय घ्यायचा म्हणजे अख्खा वर्ग तिथे नेऊन उभा करायचा, आणि एकाने काय लिहिलं ते दुसऱ्याने डोकावून बघायचं, हे ठरलेलं. मी कॉमर्सच्या मुलांना संख्याशास्त्र शिकवतो. मला हा प्रकार कधी पचला नाही. सरासरी काढली की सगळे शिक्षक उत्तम, आणि निकाल लागला की निम्मा वर्ग माझ्याच विषयात गटांगळ्या खाताना दिसायचा.

शेवटी एका बैठकीत मी तोंड उघडलं. फॉर्मच्या तळाशी एक मोकळी चौकट असते, 'आणखी काही सांगायचे असल्यास'. ती कोणीच वाचत नाही. मी म्हणालो, आकडे ठेवा बाजूला, ती चौकट वाचा. मुलं काही खरं बोलत असतील तर तिथेच. प्राचार्यबाईंना ते पटलं. त्या मराठीच्या. आकड्यांपेक्षा त्यांना वाक्यं केव्हाही जवळची. त्यांनी तिथल्या तिथे ठरवून टाकलं, की यंदा प्रत्येक शेरा वाचायचा, त्याचा अर्थ लावायचा, आणि नंतर वर्गात जाऊन मुलांना सांगायचं की तुम्ही हे हे म्हणालात, आम्ही त्याचं असं असं करणार आहोत. हे शेवटचं मला नको होतं. आधीच पोर्शन संपत नाही, त्यात हा आणखी एक तास कुठून आणायचा, असं मी पुटपुटलोसुद्धा. पण सूचना माझीच, त्यामुळे बोंब मारायची सोय नव्हती. आपल्याच विषयाचे शेरे आपण वाचायचे नाहीत हे ओघानं आलं. माझे प्राचार्यबाईंनी स्वतःकडे घेतले.

त्या वर्षी माझं सगळंच टांगणीला लागलं होतं. मी मूळचा देशावरचा. घाट उतरून इकडे आलो तो तासिका तत्त्वावर. म्हणजे जितके तास घ्याल तितक्यापुरते तुम्ही कॉलेजचे, उन्हाळ्याची सुट्टी लागली की कोणाचेच नाही. अशी बरीच वर्षं काढल्यावर माझ्या विषयाची कायमची जागा निघाली होती. मुलाखत एप्रिलच्या शेवटी. बाहेरून तज्ज्ञ येणार, संस्थेची माणसं बसणार, आणि त्यांच्यासमोर प्राचार्यबाईंचा अहवाल जाणार, त्यात विद्यार्थ्यांच्या अभिप्रायाचं पान. आम्ही किहीमला एका नारळाच्या वाडीत मागच्या दोन खोल्यांत राहत होतो. ही जागा मिळाली तर इथेच नीट घर बघायचं, नाही तर गाशा गुंडाळून गावी परत जायचं, असं बायकोचं आणि माझं ठरलं होतं. गावी जाऊन काय करायचं, हे दोघांनीही एकमेकांना विचारलं नव्हतं. मला ती जागा हवी होती. देवाला कधी फारसा हात न जोडणारा मी येता-जाता रस्त्यावरच्या प्रत्येक देवळाला गाडीवरूनच मान लववू लागलो होतो.

शिमगा होऊन आठवडाभर झाला असेल. प्राचार्यबाईंनी केबिनमध्ये बोलावलं आणि दार लोटून घ्यायला सांगितलं. दार लोटायला सांगितलं की आमच्याकडे एक तर कोणाची बदली असते नाही तर कोणाची चहाडी.

"घरी सगळं ठीक आहे ना, सर?" त्यांनी विचारलं.

"ठीक आहे."

"तब्येत? झोप वगैरे?"

"ठीक आहे, मॅडम. काय झालं?"

त्यांनी टेबलावरचा कागद माझ्याकडे सरकवला नाही, नुसता त्यावर हात ठेवला. मुलं मोबाइलवर मराठी लिहितात ती इंग्रजी अक्षरांत. त्यामुळे त्या चौकटींतलं वाचायचं म्हणजे अर्धं अंदाजानेच वाचावं लागतं. "मोकळ्या चौकटीत तुमच्याबद्दल एक शेरा आलाय," त्या म्हणाल्या. "एकाने लिहिला असता तर खोडी म्हणून सोडून दिला असता. पण पाच-सहा जणांनी तोच लिहिलाय."

"काय लिहिलंय?"

"सर भांगेत शिकवतात."

मला आधी हसूच आलं. मग त्या हसत नाहीत हे लक्षात आलं आणि माझं डोकं सणकलं. मी म्हणालो, "मॅडम, मी सुपारी खात नाही. माझं सगळ्यात मोठं व्यसन म्हणजे चारचा चहा, तोही आपल्या कँटीनचा, म्हणजे रंगीत पाणी."

"माझा विश्वास आहे तुमच्यावर," त्या म्हणाल्या. पण मग थोडं थांबून, "डोळे मात्र तुमचे लाल असतात, सर. मीसुद्धा पाहिलंय."

"किहीमहून मोटरसायकलवर येतो. वारा, रेती."

"आणि शिकवताना मध्येच डोळे मिटता."

हे खरं होतं. प्रमाण विचलन समजावताना मी डोळे मिटतो, कारण मिटले की आकडे मला नीट दिसतात. आता हे कोणाला कसं सांगायचं. जे सांगायला जावं ते आणखी संशयास्पद वाटत होतं.

मी विचारलं की मुलांनाच सरळ का विचारू नये. त्या नाही म्हणाल्या. नावं शोधणार नाही असा शब्द मुलांना दिलेला होता, आणि मी चिडलो की कसा चिडतो ते त्यांना ठाऊक होतं. "सोमवारी मी तुमच्या वर्गावर येते शेरे वाचायला. तोवर तुम्ही वर्गात याबद्दल चकार शब्द काढायचा नाही."

"हासुद्धा शेरा वाचणार?"

"एक गाळला तर बाकीच्यांना काय अर्थ राहिला? आणि सर, अहवालही मला सोमवारनंतरच लिहायचाय." एवढं बोलून त्यांनी कागद उलटा ठेवला. त्या वाईट नव्हत्या. त्यांच्या जागी मी असतो तर मीही तेच केलं असतं, आणि म्हणूनच मला त्यांचा फार राग आला.

घरी येऊन बायकोला सांगितलं. ती पोळ्या लाटत होती. लाटणं खाली न ठेवता तिने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "शिमग्याला मुलांनी कोळीवाड्यात नेलं होतं ना तुम्हाला? तिथे काय प्यायलात?"

"कोकम सरबत."

"कोकमच होतं?"

"लाल होतं, आंबट होतं."

"तुम्हाला काय कळतंय. मागे एकदा चहात मीठ पडलं होतं तर दोन घोट घेऊन विचारलंत, आज पावडर बदलली का." मग तिने माझा चेहरा पाहिला आणि आवाज उतरवला. "कर नाही त्याला डर कशाला? बोलू दे त्यांना." पण त्या रात्री आमटीत मीठ घालायला तीच विसरली. शिमगा जातो आणि कवित्व राहतं म्हणतात, ते आमच्या घरी असं राहिलं होतं.

पुढचे दिवस मी वर्गात वेड्यासारखा वागलो. शुद्धीवर आहे हे दिसावं म्हणून भराभरा बोलू लागलो. डोळ्यांचा लाल रंग दिसू नये म्हणून काळा चष्मा लावून एक तास घेतला, तेव्हा मागच्या बाकावरून कोणीतरी हळूच शीळ घातली. डोळे मिटायचे नाहीत असं ठरवल्यामुळे फळ्यावरचं साधं गणित चुकलो. प्रत्येक चेहऱ्याकडे बघून वाटायचं, हा असेल का? ही असेल का? या मुलांना मी इतकी वर्षं शिकवतोय, नापास झालेल्यांना रविवारी बोलावून शिकवतोय, आणि यांनी मला नशेबाज ठरवावं? राग यायचा, आणि रागाच्या खाली सरळसरळ भीती असायची. जागा जाईल ती जाईल, पण हे नाव घेऊन गावी जावं लागेल. इकडे आलेल्या गावच्या माणसाला कोणी ना कोणी सांगणारच.

सोमवारी प्राचार्यबाई आल्या. मी खिडकीपाशी उभा राहिलो, हात कुठे ठेवावेत ते न कळून मागे बांधले. त्यांनी एकेक शेरा वाचायला सुरुवात केली. मागचा पंखा आवाज करतो. फळ्याचा उजवा कोपरा दिसत नाही. सरांनी एकदा तरी वर्गात हसावं. मुलं खुसखुसत होती. मग त्यांनी चष्मा काढून पुसला आणि परत लावला.

"एक शेरा वाचायला मला संकोच वाटतोय. कोणी लिहिला ते मी विचारणार नाही. तुमच्यातल्या काही जणांनी लिहिलंय, की सर भांगेत शिकवतात. असं खरंच काही असेल तर ते गंभीर आहे, आणि नसेल तर असं लिहिणं त्याहून गंभीर आहे."

मुलं एकमेकांकडे बघू लागली. त्या बघण्यात चोरी नव्हती, नुसता गोंधळ होता, आणि तो मला कळेना. मग तिसऱ्या बाकावरची एक मुलगी उभी राहिली. काशीदच्या बाजूच्या कोळीवाड्यातली, वडिलांची बोट असलेली. वर्षभरात तिने तोंडातून हजेरीखेरीज शब्द काढल्याचं मला आठवत नव्हतं.

"मॅडम, भांगेत न्हाय. भांगात."

"तेच ते."

"तेच न्हाय ओ मॅडम. भांगेत म्हंजे पिऊन. आमी भांगात लिवलंय. दर्याचा भांग."

"दर्याचा?"

आता सगळा वर्ग एकदम बोलायला लागला. प्राचार्यबाईंनी हात वर करून त्यांना गप्प केलं आणि त्या मुलीलाच बोलायला सांगितलं. ती म्हणाली, "पुनवेला, अवसेला उधान असतं ना मॅडम, पानी लई चढतं, लई उतरतं. नि मधी अष्टमी-नवमीच्या टायमाला भांग असतो. पानी धड चढत न्हाय, धड उतरत न्हाय. पान्याला ओढ नसते. डोल टाकली तरी जालं फुगत न्हाय, म्हावरं गावत न्हाय. सरांच्या तासाला आमी म्हनतो, आज भांग हाय. गंमत म्हनून. तेच लिवलं."

प्राचार्यबाईंनी कागद डोळ्यांजवळ धरून एकेक अक्षर वाचलं. बी, एच, ए, एन, जी, ए, टी. "भांगात," त्या म्हणाल्या. "पुल्लिंगी. आणि पिण्याची भांग स्त्रीलिंगी, तिचं भांगेत. मला वाटलं, मुलांचं नेहमीप्रमाणे व्याकरण चुकलंय. मी आपली दुरुस्त करून वाचलं." आणि मग आमच्या प्राचार्यबाई, ज्यांना गॅदरिंगलासुद्धा दात दाखवून हसताना कोणी पाहिलं नव्हतं, टेबलाचा आधार घेऊन हसायला लागल्या. 'ध'चा 'मा' केल्याची गोष्ट त्या दर वर्षी मुलांना सांगायच्या. यंदा 'गा'चा 'गे' त्यांनी स्वतः केला होता.

मी पहिल्या बाकावर, दोन मुलांच्या मध्ये, जाऊन बसलो. मला हसू आणि रडू दोन्ही एकदम आलं. मुलांनाही आता उलगडा झाला की आपण नकळत काय लिहून बसलो. कोणीतरी मागून म्हणालं, "सर नि भांग!" आणि वर्गात हशा फुटला. ते ऐकून मला इतकं बरं वाटलं की त्या पोराला हजेरी माफ करावीशी वाटली. माझ्यावरचा त्यांचा विश्वास त्या हसण्यात होता. भूगोलाच्या सरांना नंतर हे कळलं तेव्हा ते म्हणाले, "अहो, भांगाची भरती शाळेच्या पुस्तकात असते." असेल. मीही कधी तरी पाठ करून मार्क मिळवले असतील. पण माझे शेरे वाचायला भूगोलाचे सर नव्हते, आणि अष्टमीला पाणी काय करतं हे किहीमला समुद्राकाठी राहूनही मी एकदाही पाहिलं नव्हतं.

हसून झाल्यावर प्राचार्यबाईंनी डोळे पुसले आणि त्यांच्यातली मास्तरीण परत जागी झाली. "बरं. पण मग हे कौतुक की तक्रार?"

मुलगी माझ्याकडे बघू लागली.

"सांग," मी म्हणालो. "आज तू मला काहीही म्हण. मला चालेल."

"सर, रागावू नका. सुरवातीला तुमी लई हळू शिकवता. एकच गनित चार-चारदा. आमी समजलो म्हनलं तरी परत पयल्यापास्नं. हाताला काय लागत न्हाय, झोप येते. नि परीक्षा जवल आली का उधान. एका हप्त्यात सगलं. तवा जालं फाटतं, सर."

एरवी मी उसळलो असतो. कमकुवत मुलांसाठीच तर मी चार-चारदा सांगतो, वगैरे ऐकवलं असतं. पण ज्याच्यावर आताच नशेबाजीचा आळ आला होता आणि उतरला होता, त्याला रटाळपणाचा आरोप म्हणजे हार घातल्यासारखाच होता. मी खरंच ऐकलं. आणि ऐकताना एक गोष्ट डोक्यात टोचायला लागली. त्याच फॉर्ममध्ये 'शिकवण्याचा वेग' असा एक प्रश्न होता, त्याला 'उत्तम' हा पर्यायच नव्हता, आणि त्यात माझी सरासरी आली होती 'योग्य'.

दुपारी प्राचार्यबाईंच्या परवानगीने मी त्या प्रश्नाची उत्तरं बिननावाची काढून बघितली. 'योग्य' असं जवळजवळ कोणीच म्हटलं नव्हतं. काहींनी 'फार मंद' केलं होतं, काहींनी 'फार जलद'. ज्यांना पावसाळा आठवला त्यांनी मंद, ज्यांना मागचा महिना आठवला त्यांनी जलद. दोघांना एकत्र करून भागलं की मी योग्य. वर्षानुवर्षं मी याच मुलांना फळ्यावर लिहून देत आलोय की नुसत्या सरासरीवर जाऊ नका, आकडे किती पसरलेत तेही बघा. आणि स्वतःची सरासरी चांगली आली की ती मुकाट्याने खिशात घालत आलो होतो. हे मला लागलं, पण त्या दिवशी लागण्यातही एक मजा होती.

दुसऱ्या दिवशी वर्गाला बरोबर घेऊनच पुढच्या वर्षाचं वेळापत्रक मांडलं. कोणता धडा त्यांना खरोखर जड गेला ते विचारलं. मी ज्याला जड समजून पावसाळाभर दळत होतो तो त्यांना सोपा होता. मासळीच्या लिलावाला आणि भाताच्या मापाला लहानपणापासून उभी राहिलेली मुलं, त्यांना सरासरी कोणी वेगळी शिकवावी लागत नाही. जड होता तो शेवटचा सहसंबंधाचा धडा, जो मी दर वर्षी परीक्षेच्या तोंडावर उरकायचो. तो आम्ही दिवाळीच्या आत ओढला. आणि एक गणित मी दोनदाच सांगायचं, तिसऱ्यांदा त्यांच्यातल्या कोणीतरी उठून सांगायचं, असं ठरलं.

अहवालातलं वाक्य काय लिहायचं ते प्राचार्यबाईंनी मलाच विचारलं. मी म्हणालो, जे आहे ते लिहा. त्यांनी कागद माझ्यापुढे सरकवला. मी लिहिलं: 'वर्षाच्या सुरुवातीला अध्यापनाचा वेग अतिशय मंद व शेवटी अवाजवी घाई, अशी विद्यार्थ्यांची तक्रार असून ती रास्त आहे.' त्या म्हणाल्या, "मुलाखतीत हे तुमच्यावर शेकू शकतं." मी म्हणालो, "शेकू दे." स्वतःविरुद्धची तक्रार इतक्या आनंदाने मी जन्मात कधी लिहिली नव्हती.

बाहेर येऊन सुरूच्या झाडांखाली रेंज पकडून बायकोला फोन लावला. "काय ठरलं?" तिने विचारलं. आवाज इतका बारीक, की मला आधी वाटलं रेंज गेली.

"मी रटाळ शिकवतो असं ठरलं."

"बाकी काही नाही?"

"बाकी काही नाही."

"ते मी लग्नानंतर महिन्याभरात सांगितलं असतं," ती म्हणाली.

मुलाखतीत तज्ज्ञांनी नेमकं तेच वाक्य धरलं. "असं स्वतःबद्दल कोणी लिहितं का हो?" मी सहसंबंधाच्या धड्याचं सांगितलं, आकडे किती पसरले होते ते सांगितलं, पुढच्या वर्षाची मांडणी दाखवली. त्यांनी बरेच प्रश्न विचारले. प्राचार्यबाई पूर्ण वेळ खिडकीबाहेर बघत होत्या, कारण माझ्याकडे बघितलं असतं तर त्या हसल्या असत्या.

नेमणुकीचं पत्र मे महिन्यात आलं. बायकोने ते उभ्या उभ्या वाचलं, परत वाचलं, देवापुढे ठेवलं आणि म्हणाली, "मी जरा पडते." भर दुपारी, पंख्याखाली, ती अशी झोपली की कूस बदलेना. शिमग्यापासून तिला धड झोप लागलेली नव्हती, हे मला तेव्हा कळलं. माझ्याइतकेच कठीण दिवस तिनेही काढले होते आणि एका शब्दाने बोलून दाखवलं नव्हतं. मी बाहेर ओट्यावर जाऊन बसलो. मासेवाली वाडीतून हाक घालत आली, तिला हातानेच हळू म्हणून खूण केली, आणि संध्याकाळपर्यंत दारात कोणाला आवाज करू दिला नाही.